रीडिंग

तांडापेठेतली एकशे बारा मीटरं
मला तोंडपाठ.
आकडे नाही, आकडे बदलायचे.
जागा.
कुठलं जिन्याखाली, कुठलं देव्हाऱ्यामागे,
कुठल्यावर ओलं बनियन वाळत घातलेलं,
आणि सोरतेंच्या दारातलं ते काळं कुत्रं,
ज्याला मी बिस्किट द्यायचो
कंपनीच्या कुठल्याच खर्चात न बसणारं.

आधी डायरी होती, कार्बनसकट.
मग हातात एक यंत्र आलं, पावशेर वजनाचं.
मग मोबाईल. फोटो काढा, पाठवा.
दर वेळी शिकलो आम्ही.
नंदनवार तर रात्री जागून शिकला, नातीकडून,
तिच्या शिव्या खात.
तेव्हा निदान पाय आमचेच लागायचे.

नव्या मीटरला चकती नाही.
ती अ‍ॅल्युमिनियमची, काठावर काळा ठिपका असलेली.
मे महिन्यात भर बाराला सुसाट सुटायची,
म्हणजे आत कूलर चालू,
म्हणजे माणूस घरी, कडी वाजवायला हरकत नाही.
रेंगाळली तर समजायचं, पगार अडलाय.
हेडाऊंचे माग विकले गेले त्या वर्षी
मी ठिपक्याची वाट बघत उभा राहिलो
एक अख्खी विडी संपेपर्यंत.
हे लिहायला डायरीत रकाना नव्हता.

आता ऑफिसात खुर्ची आहे. एसी आहे.
गुडघे चालून कधी दुखले नाहीत, बसून दुखतात.
स्नेहल उराडे शिकवते,
माझ्या पोरीहून दोन वर्षांनी धाकटी.
"सर, माउस दाबून धरू नका. दाबा, सोडा."
म्हटलं, सोडायची सवय नाही.
हसली. चांगली आहे.
तिचंही कंत्राट अकराच महिन्यांचं.

पडद्यावर वस्ती नुसती रेघांची,
चढणाऱ्या, उतरणाऱ्या.
त्यातली एक सपाट.
नऊ दिवस, आणि बाहेर पारा पंचेचाळीसवर.
बाजूला हिरव्या अक्षरांत: उत्तम बचत.
ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले
आणि उठलो.
गल्लीच्या टोकाला, शिलाई मशीनच्या वरचं मीटर.
कौतिकाबाई.
"सर, कुठे निघालात?"
"रीडिंगला."

तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटर हाणली.
कडी वाजवली. पुन्हा वाजवली.
तिसऱ्यांदा वाजवताना
हात माझा वाटेना.

दार उघडलं तिनं, डोक्यावर ओला टॉवेल.
"काहून रे, चार महिने झाले, आला नाई?
मेला का काय म्हटलं तू."
कूलरची मोटर जळाली होती.
दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला होता, नऊ दिवसांपूर्वी.
दुपारभर ती शेजारणीकडे, रात्री गच्चीवर.
"आता मीटर सोताच सांगते सगळं, बाई."
"माह्यासंगं त काई बोलत नाई थे."
माठातलं पाणी दिलं.
मग पदरानं मीटरची काच पुसून म्हणाली, वाच.
मी खिशातली टॉर्च काढली,
उजेड भरपूर असूनही,
आणि मोठ्यानं वाचलं, दशांशासकट.
तिनं मान डोलावली,
गावाकडचं पत्र वाचून दाखवावं तशी.

परतलो तर स्नेहलनं यादी उघडून ठेवलेली.
घर बंद.
मीटर नादुरुस्त.
वीजचोरी.
ग्राहक मयत.
इतर.
कारण निवडल्याशिवाय ती खिडकी मिटत नाही म्हणे.
"सर, कूलर जळाला, हे कशात टाकू?"
मी माउस तिच्याकडून घेतला,
'इतर'वर नेला, दाबला.
सोडायला जरा वेळ लागला.