आतली शिवण

वाशीत, सेक्टर सतराच्या क्लिनिकात
डॉक्टर कुलथे कागदावर आखतात :
नुसतं वर्तुळ.
मग वर्तुळ, खाली सरळ रेघ.
मग त्याच रेघेला तळाशी कमान,
खाडीतल्या होडीच्या नांगरासारखी.
"वर्तुळानं तुमचं भागणार नाही.
नांगराचे व्रण जास्त, पण उचल चांगली."

कोपरखैरण्यात एकवीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
एका टक्सात काय बसतं, काय नाही,
हे मला नका सांगू.
फक्त
कापड उसवता येतं.

दोन बाळंतपणं. मग वीस किलो उतरले,
कातडी मागेच राहिली.
लोकांच्या छातीला टेप लावताना
स्वतःचं माप कधी वहीत लिहिलं नाही.

"मिस्टर नाही आले?" काउंटरवरची पोरगी.
भिशी माझ्या नावावर लागलीय, म्हटलं.

रात्री अस्तराच्या तुकड्यांवर
खडूनं तिन्ही आखले, कापले, शिवले,
मुठीवर चढवून पाहिले.
नांगर बसला सुरेख.
तरी मधलाच उलटा करून
दिव्याखाली धरला किती वेळ.
आतली शिवण कोण बघतंय, म्हणतात गिऱ्हाइकं.

सकाळी शटर उघडायच्या आधी फोन केला :
डॉक्टर, रेघ चालेल.
पण दोरा कुठला वापरता?