शून्य पूर्णांक एक

रात्री पावणेदोनला औशात वीज परत आली
आणि मी पहिली आवृत्ती सोडली.
शून्य पूर्णांक एक.
कुणीही घ्या, उघडा, बदला. फुकट.

दादा जागेच होते.
तेहतीस केव्ही उपकेंद्रात जन्म गेलेला माणूस,
निवृत्त झाला तरी दर तासाला कूस बदलतो.
"काय करायलीस?"
म्हटलं, दुसऱ्याचा प्रोग्राम चालताना
किती वाजता काय झालं, कुठं अडलं,
ते लिहून ठेवणारं एक साधन. निस्ती नोंद.
"म्हंजे लॉगशीट."
हो दादा, लॉगशीट.

सोबतच्या टिपेत मी लिहिलं होतं:
भार फार वाढला की मधल्या काही ओळी गळतात.
कारण अजून सापडलेलं नाही.
त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.
"असं लिहिल्यावर घेईल का कुणी?"
माहीत नाही.

मग बराच वेळ पंखाच तेवढा बोलत राहिला.

"विसर्जनाची रात्र होती. त्र्याण्णव साल.
चारचा आकडा मी तीनलाच भरला
आणि टेबलावर डोकं टेकलं.
किल्लारी फीडर, पंचाऐंशी अँपिअर, सर्व ठीक.
चाराला चार मिनिटं कमी होती
तेव्हा खुर्चीसकट खाली पडलो."
थांबले.
"खोडलं नाही मी ते. कुठंतरी असंल अजून,
माझ्याच अक्षरात."

मी टीप पुन्हा उघडली,
खाली तारीख घातली, वेळ घातली.
दोन वाजून बावीस.

"सेकंदबी टाक," ते म्हणाले,
आणि भिंतीकडं वळले.