हातचा

वूच शहरात, जिथे पूर्वी कापड विणत
त्या लाल विटांच्या गिरणीत आता विम्याचं ऑफिस आहे.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही सोळा जण
गारांनी फुटलेल्या काचांना उत्तरं लिहायचो:
महोदय, आपला दावा मिळाला.

एप्रिलात सल्लागार आला, राडोस्वाव,
पोरगेलासा, जिन्यातला ओला चुना बुटांना लागलेला.
त्याने फॉर्म वाटले.
प्रश्न सातवा: नवं यंत्र आल्यापासून तुमचं काम
किती टक्के वेगाने होतं, असं तुम्हाला वाटतं?

वाटतं.

जेवणाच्या सुट्टीला चार मिनिटं होती
आणि मंगळवारचं शेपू घातलेलं सूप लवकर संपतं.
मी लिहिलं, चाळीस.
तीसने तो हिरमुसला असता.
पन्नास म्हणजे शुद्ध थाप.

शेजारच्या बोगुमिवाने मात्र खरंच घड्याळ लावलेलं.
यंत्राचं पत्र: वीस सेकंद.
त्यात वारलेल्या गृहस्थाला ‘लवकर बरे व्हा’,
पॉलिसीचा नंबर भलत्याच कुणाचा.
ते निस्तरायला: अकरा मिनिटं.
पूर्वी सगळं मिळून नऊ लागायची.
हे तिने समासात लिहिलं, पेन्सिलीने,
जसा शाळेत आपण हातचा लिहितो
विसरू नये म्हणून.

अहवालात आम्ही पंधराच होतो.
तळटीप: एक नोंद विसंगत, सबब वगळली.
सरासरी अडतीस.

मग तो आकडा हिंडायला लागला.
वॉर्सातल्या परिषदेत भिंतीएवढा झाला.
दुसऱ्या अहवालाने पहिल्याचा हवाला दिला,
तिसऱ्याने दुसऱ्याचा,
चौथा म्हणाला, अनेक अभ्यासांतून सिद्ध झालंय.
रात्रीतून कुणी तारेवर आकडा टाकावा
आणि आळीभर दिवे लागावेत, तसं.
मीटर कुणाच्याच घरी फिरत नव्हता.
मी टीव्हीवर पाहिला तेव्हा ओळखला,
त्याला सुपाचा वास येत होता.

ऑक्टोबरात सहा जणांना कमी केलं.
सोळाचे अडतीस टक्के, सहा पूर्णांक शून्य आठ.
‘हा शून्य आठ कोण?’ वित्ोल्ड विचारत राहिला
खोक्यात आपला कप ठेवताना.
कुणी हसलं नाही, मग तोच हसला.

बोगुमिवाही गेली. मी राहिले.
आता सहा जणांची वारलेली माणसंही
माझ्याच मेजावर बरी व्हायला येतात.
साडेआठला रखवालदार दिवे घालवतो,
मी म्हणते, आणखी एक. तो म्हणतो, कालही एकच होतं.

परवा युट्रेख्टहून एका मुलीचं पत्र आलं:
मूळ नोंदी कुठे मिळतील?
राडोस्वावच्या कंपनीने कळवलंय, गोपनीय.
माझ्याकडे बोगुमिवाच्या कागदाची खरी प्रत आहे,
जाताना तिने खणात सरकवलेली.
पेन्सिल पुसट झालीय.
काल मी तिच्यावर शाई फिरवली.
हे शास्त्रात बसत नाही, ठाऊक आहे.
अकराचे मी बारा केले नाहीत, एवढंच.
आणि खाली, माझ्या चाळीसपुढे,
भूक लागली होती, असं लिहिलं.