वांगी रंगाचा व्हायोला

मिरजेत आमच्या गल्लीत भोपळे उन्हाला टाकलेले असतात
आणि वाद्याला एकच रंग ठाऊक,
लाखेचा. जुन्या गुळासारखा.

त्यात सांगलीहून शाळेचा टेम्पो आला.
अकरा व्हायोलिनं, तीन व्हायोला.
एक हरिपूरच्या पेवातून आत्ताच काढल्यासारखं पिवळं,
दोन बेदाण्याची हिरवी,
एक गुलाबी, इतकं गुलाबी
की शेजारचा बाबालाल कपबशी घेऊन उभाच राहिला,
"रुखवत आलं का काय तुझ्याकडं?"

मी पिवळ्याच्या पाठीवर टिचकी मारली.
आवाज आतल्या आत बसला,
सर्दी झालेल्या माणसासारखा.
अब्बा म्हणायचे, रंग जाड झाला की लाकडाला दम लागतो.
खरवडायचा पत्रा काढला, धार लावली.

"माझा तेवढा खरवडू नका."

दारात पोरगी. तेजल ऐवळे, आठवी ब.
बाप मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतो,
दप्तरालाही तोच वास.
तिच्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा व्हायोला,
कृष्णाकाठच्या वांग्याचा रंग,
मानेकडं देठासारखा हिरवट.
"माझी बोटं लांब म्हणून बाईंनी दिला.
घरात सगळे त्याला वांगंच म्हणतात."

वाजव म्हटलं.
मांडी घालून बसली, वाद्याचं डोकं घोट्यावर टेकवलं,
गज ओढला.
सा नीट. रे नीट.
कोमल गंधारावर बोट थरथरवलं,
चांगलं, पण पाठ केलेलं,
पाढ्यासारखं.

मी भोकातून वाकडी सळई आत घातली,
आतला खांब तांदळाच्या दाण्याएवढा सरकवला.
घोडीचा पाय घासला. कान लावला. परत घासला.
"आता थरथर नको. गंधारावरनं घसरत सा-वर ये.
तुझा बाप पोतं धाडकन टाकतो का?"
"न्हाई. पाठीवरनं सोडतो, हळू.
नायतर शिवण उसवते."
"मग?"

ती थोडा वेळ बापाच्या पाठीकडं बघत असावी.
गज इतका सावकाश की केस मोजता यावेत.
बोट तारेवरनं निघालं,
आणि मधे, जिथं सूर नसतो, नुसती वाट असते,
तिथं त्या स्वस्त प्लायवुडातनं
खालचा, भरड, कुणीतरी ओझं उतरवतानाचा
श्वास आला.

सा-वर पोचली तेव्हा ती स्वतःच दचकली.
"हे मी केलं का तुम्ही?"
बाबालालच्या चहावर साय धरली होती.

पत्रा मी फडक्यात गुंडाळून ठेवला.
पिवळ्याचं उद्या बघू, गुलाबीचंही.
शाळेच्या बिलात वांग्यापुढं लिहिलं,
खांब सरकवला, रुपये वीस.
रंग : आहे तसा.