दोन बोटं

खोक्यातून निघाल्या तेव्हा लालभडक होत्या चारही,
अंगावर अजून कुणाचं वजन न पडलेल्या.
बालराज म्हणाला, "सैफनचाचा, दोन इंच. जास्त नाही."
चाक आणि पत्र्याच्या मधल्या फटीत मी बोटं घातली.
चार मावत होती, सैल.
"दोन ठेवा," तो म्हणाला,
"चार म्हणजे सरकारी जीप वाटते."

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या कोपऱ्यावर माझा पत्रा.
एप्रिलात पान्हा फडक्याशिवाय धरवत नाही.
आधी मी मागांवर जॉबर होतो, सतरा वर्षं.
कारखाना बंद पडला तेव्हा हातात एवढंच उरलं:
ताण कुठे धरायचा, कुठे सोडायचा.

जुनी स्प्रिंग काढताना मी कुणाला समोर उभं राहू देत नाही.
दोन बाजूंनी नख्या लावायच्या, बोल्ट आवळत जायचं,
अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे.
वेढे जवळ येतात,
आणि मग ती गप्प होते.
तेव्हाच जपायचं.
माझ्या डाव्या भुवईतली फट अशाच एका गप्पपणाची आहे.

बालराजला वाटत होतं, बसकी गाडी मऊ चालेल.
मी सांगितलं, बुटकी स्प्रिंग कडक असते,
हलायला जागाच कमी, करणार काय ती?
तो मोबाइलमध्ये बघत होता.
त्याचा बाप नरसय्या कट्ट्यावर तंबाखू मळत होता,
टॉवेलच्या मागावर जन्म गेलेला,
दहा बाय बाराच्या खोलीत दोन माग, सहा माणसं.
त्यानं मात्र मान हलवली.

संध्याकाळी जॅक सोडला.
म्हैस कंबर तलावात उतरावी तशी गाडी
दमानं खाली बसली.
बालराज रस्त्यापलीकडे जाऊन उकिडवा बसला आणि बघत राहिला.
दोन बोटं. बरोबर दोन.
त्याच्या तोंडावर जे होतं
त्याचे मी बिलात पैसे लावले नाहीत.

मग त्याच्या बहिणीचं लग्न आलं.
गाडीत सहा जण, डिकीत लाडवांचे डबे.
अशोक चौकातून निघाले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला
खालून खर्रकन आवाज.
"उतरा," बालराज म्हणाला.
सगळे उतरले. गाडी वर आली.
तिरकी घेतली त्यानं, एक चाक आधी, एक मागून.
पलीकडे सगळे परत बसले.
सात रस्त्यापर्यंत नऊ वेळा.
नवरी उतरली शालू गोळा करून,
मामी उतरली तेलुगूत शिव्या मोजत,
नरसय्या उतरला फेटा धरून.
पाचव्या वेळेपासून हसू आवरेना म्हणे कुणाला.
एक रिक्षावाला थांबून विचारतो,
"काय बे, ढकलायचं का?"
मुहूर्त गाठला, कसाबसा.

हे मला नरसय्यानं सांगितलं,
पुढच्या आठवड्यात एकटाच चालत आला तेव्हा.
मला वाटलं, जुन्या स्प्रिंगा न्यायला आला.
मी त्या ठेवतोच, गोणीत, वर खडूनं नाव लिहून.
लोक परत येतात.
"नको," म्हणाला, "राहू दे पोराची हौस."
तरी गोणीतून एक काढली, काळी, गंज खाल्लेली,
जमिनीवर उभी करून तळहातानं दाबून बघितली.
ती कशाला हलते?

मग विचारलं,
"एक माणूस उतरलं की किती वर येते रे गाडी?"
मी म्हटलं, माणसावर आहे. बारीक असेल तर
पाव बोट. तेवढंही नाही.
तो फाटकापाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता.
"म्हणजे आता," म्हणाला,
"पाव बोट वरच असंल."

मी टेप आणायला आत गेलो.
टेप समोरच, खिळ्याला होता.
तरी वेळ लावला.