कोरम

निपाणीच्या कारखान्यात माझा कट्टा कधी परत आला नाही.
पंचवीस म्हणजे पंचवीस.
चोवीस निघाल्या तर चेकर दोऱ्यासकट भिरकावतो.
मग बोटंच मोजायला शिकतात,
डोळे चुलीवर असले तरी.

म्हणून पाणी समितीच्या पहिल्या मीटिंगला
मी आधी खुर्च्या मोजल्या.
सात.
सदस्य अकरा.
आम्हा चौघींना भिंतीकडंचा बाक,
एक पाय आखूड, खाली वीट.

नोटीस कानडीतनं आलेली.
तात्या चौगुले त्यावरनं तासभर तापले,
हुद्दार तेवढेच तापले उलट्या बाजूनं,
बोर्डावर कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
शेजारी गंगव्वा मुगळी.
तिला मराठी कळतं, बोलता येत नाही.
माझं कानडीचं तसंच.
‘नल्ली?’ ती कुजबुजली.
‘नऊ दिवस,’ मी बोटं दाखवली.

तिनं हात वर केला.
हुद्दार म्हणाले, सुम्मनिरी अक्का.
मग मी उठले.
तात्या म्हणाले, गप बसा वैनी.
सकाळपासनं त्या दोघांचं
पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

पुढं रजिस्टरच घरी येऊ लागलं,
शिपायाच्या सायकलला लटकून.
भाकरी थापता थापता सही,
कागदाला पिठाचा अंगठा.
नवरा म्हणायचा, कर की, वाचतीस कशाला.
तिसऱ्यांदा वाचलं.
नवी बोअर तात्यांच्या उसाच्या बांधाला.
खाली लिहिलेलं: सर्वानुमते.

त्या सर्वांत मी होते म्हणे.

चौथ्या मीटिंगला आम्ही चौघी गेलो.
एक मेंबर चिकोडीला मयताला,
एक जण लग्नाला.
पीडीओ साहेब म्हणाले, नऊ आहेत, सहा लागतात, चला सुरू करू.
बोअरचाच विषय आधी निघाला.
आम्ही उठलो.
बाक एकदम हलका झाला, वीट निसटली.

दारातनं गंगव्वानं मागं वळून मोजलं,
‘ऐदु.’
‘एक कमी,’ मी म्हटलं. ‘छाट.’

पुढच्या महिन्यात अकरा खुर्च्या होत्या.
त्यातल्या चार मंडपवाल्याच्या, लाल, प्लॅस्टिकच्या,
पाठीवर त्याचा फोन नंबर.
विषय क्रमांक एक:
त्या चार खुर्च्यांचं भाडं कुणी द्यायचं.

नळ विषय क्रमांक सात.
बसलोय.