ओळंबा

त्यानं दाराशी बूट काढले.
राहू द्या, म्हटलं, आत काचाच आहेत.
ओशाळून पुन्हा घातले.
ओनोदेरा. दुसऱ्या नगरपालिकेतून उसना आणलेला,
गळ्यात ओळखपत्र, हातात पितळी ओळंबा.

एक मीटर वीस सेंटिमीटर दोरा.
खाली सहा सेंटिमीटर सुटले, तर घर पडलं.
सहाच्या आत, तर अजून उभं आहे.
पडलेल्याला पुरं अनुदान, उभ्याला थोडं.
नियमावर त्यानं बोट ठेवलं.
मी मान हलवली. चष्मा ढिगाऱ्यात होता.

समुद्राकडचा खांब, नऊ.
न्हाणीघराचा, सात.
जिन्याखालचा, चार.
आणि दुकानाच्या दाराचा,
नवऱ्यानं सुतारावर न विसंबता स्वतः बसवलेला,
दोन.
सगळं नोतो हललं, हा हलला नाही.
चारांची सरासरी साडेपाच.
ज्यानं घर धरून ठेवलं
त्यानंच मला अपात्र केलं.

अर्धा सेंटिमीटर.
एक्केचाळीस वर्षं या गावाचे केस कापतेय,
अर्धा सेंटिमीटर म्हणजे किती, मला विचारा.
कानामागं तेवढं चुकलं तर गिऱ्हाईक बोलत नाही,
पुढच्या महिन्यात पलीकडच्या गावी जातं.
अर्धा सेंटिमीटर म्हणजे
जिवंत माणसाची बारा दिवसांची वाढ.
मेलेल्याचेही वाढतात म्हणे. खोटं आहे.
मी पाहिलंय.

एवढ्यात जमीन पुन्हा कुरकुरली.
ओळंबा डुलला.
आम्ही दोघं श्वास धरून
एका दोऱ्याकडे बघत राहिलो,
आणि मी माझ्याच घराला
मनातल्या मनात म्हणत होते, झुक.

साडेपाचवरच थांबला.

त्याच्या बोलण्यात सान्रिकू किनाऱ्याचा हेल होता.
विचारलं, तुमचं घर किती भरलं होतं तेव्हा?
"दोरा टांगायला काही उरलं नव्हतं,"
म्हणाला, आणि फुरिगानासकट माझं नाव लिहीत राहिला,
साकाशिता फुमिए, विधवा, एकटी.

मानेवर त्याचे केस वेडेवाकडे वाढले होते.
बसा, पाच मिनिटांत करून देते.
"ड्यूटीवर काही घेता येत नाही."
फेरतपासणीचा अर्ज असतो, गुलाबी,
तेवढा काउंटरवर ठेवून गेला.

मग खुर्चीत मीच बसले.
आरशात डोकं सरळ दिसेना.
आरसा घराबरोबर कललेला
की मान माझी,
कोण जाणे.
कात्री मात्र सापडली, खुर्चीखाली,
उतारानं तिथं जाऊन थांबलेली.